तिबिलिसी ते काझबेगी आणि परत: भाड्याची गाडी, परका ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला एस.टी.वाला

जॉर्जियात राजधानी तिबिलिसीहून काझबेगी या डोंगरातल्या गावाला एका दिवसात जाऊन यायचं तर चार मार्ग आहेत. मोठ्या बसची टूर घ्या. नाहीतर दिदुबे स्टँडवरून मार्शरुत्का पकडा, म्हणजे आपली वडापच, भरल्याशिवाय हलत नाही. नाहीतर गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवा. किंवा ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. आम्ही शेवटचा मार्ग धरला आणि पैसे वसूल झाले. दहापैकी आठ गुण. दोन कशाचे कापले ते ओघात येईलच.

मी एस.टी.तून रिटायर झालेला ड्रायव्हर. वाई डेपो. पसरणीचा घाट तोंडपाठ, आंबेनळी पावसापाण्यात रात्री-अपरात्री केलेला. त्यामुळे डोंगर किती सुंदर होते हे इथं कमी सापडेल आणि गाडी कशी हाकली हे जास्त. डोंगरांचे फोटो लेकीच्या मोबाईलमध्ये ढिगानं आहेत.

लेक-जावई दुबईला असतात. ऑक्टोबरात आम्हा दोघांना घेऊन ते सुट्टीला निघाले. जावयाला स्वतः गाडी चालवायची हौस होती, दुबईत उजव्या बाजूनं चालवायची सवयही आहे. मीच नको म्हटलं. एक तर घाट चालवणाऱ्याला घाट दिसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. दुसरं, हा रस्ता साधा नाही. मिलिटरी हायवे म्हणतात त्याला. जुन्या पायवाटेवरून रशियानं आपलं सैन्य कॉकेशसपार न्यायला एकोणिसाव्या शतकात बांधून घेतलेला. आजही रशियाकडं जाणारा बराचसा माल याच रस्त्यानं जातो. आर्मेनियाचे, तुर्कस्तानचे, कुठकुठले ट्रेलर. तिबिलिसी ते काझबेगी दीडशे किलोमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण तीन तास धरायचे आणि ट्रेलरमागं अडकलात तर देवाचं नाव घ्यायचं.

गाडी जावयानं वेबसाईटवरून ठरवली. तिथं ड्रायव्हरचा फोटो, गाडीचा फोटो, त्याला कुठली भाषा येते हे सगळं दिसतं. वाटेत कितीही थांबा, भाडं तेच. पैसे शेवटी रोख. चौघांचे मिळून २४० लारी पडले. लारीचा भाव तीस-एकतीस रुपये धरला तर सव्वासात-साडेसात हजार. बसच्या चार तिकिटांपेक्षा थोडंच जास्त.

सकाळी सातची वेळ दिली होती. पावणेसातला गाडी दारात. इथंच माणूस मला पटला. मग मी गाडीभोवती एक चक्कर मारली, बायकोनं नेहमीप्रमाणं कपाळाला हात लावला. सुबारू फॉरेस्टर, स्टेअरिंग डाव्या हाताला. डाव्या हाताचं मुद्दाम सांगतो, कारण या देशात जपानहून आलेल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्या भरपूर आहेत आणि रस्ता उजव्या बाजूचा. म्हणजे ट्रेलरला ओव्हरटेक करायचा तर ड्रायव्हरला पुढचं दिसायच्या आधी निम्मी गाडी समोरच्याच्या लेनमध्ये घालावी लागते. डाव्या सीटवर बसलेला पाहुणा 'ये, ये, थांब' करत क्लीनरचं काम करतो. बुक करताना हे एक बघून घ्या, सीट लेदरच्या आहेत का ते नंतर बघा.

चारही टायर सारखे होते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेही वाचले. ठीक होते. डाव्या बाजूच्या मागच्या दाराचा रंग मात्र बाकी गाडीपेक्षा एक छटा गडद आणि दाराची फट वर बारीक, खाली रुंद. म्हणजे दार बदललेलं. ड्रायव्हरनं माझं बोट कुठं फिरतंय ते बघितलं आणि हसून म्हणाला, "अमेरिका." नंतर जावयानं उलगडून सांगितलं. अमेरिकेत ठोकलेल्या गाड्या लिलावात घ्यायच्या, जहाजातून इकडं आणायच्या, दुरुस्त करून विकायच्या, हा इथला मोठा धंदा आहे. तिबिलिसीजवळ रुस्तावीला त्यांचा प्रचंड बाजार भरतो. तिबिलिसीत बंपर नसलेल्या गाड्या बिनधास्त फिरताना दिसतात, त्याचाही उलगडा झाला.

ड्रायव्हर पन्नाशीचा, अंगानं भरलेला, बोलायला कमी. जॉर्जियन आणि रशियन येतं, इंग्रजी कामापुरतं. मला मराठी, हिंदी आणि गाडी येते. पुढच्या सीटवर मी बसलो. आमचं छान जमलं.

आता मुख्य गोष्ट. वेबसाईटवर या सहलीचे नऊ थांबे फोटोसकट टाकलेत. म्त्सखेताचा जवारी मठ, झिनवालीचा जलाशय, अनानुरीचा किल्ला, पासानाउरीला दोन नद्यांचा संगम, गुदाउरी, दोस्तीचं स्मारक, खनिज पाण्याचे झरे, गेर्गेतीचं चर्च, दरियालीची खिंड. जाताना एकेक करत जायचं, अशी पद्धत. सगळ्या बसही तशाच जातात, त्यामुळं प्रत्येक ठिकाणी तीच माणसं तोच फोटो काढत भेटतात आणि मुख्य ठिकाणी, म्हणजे गेर्गेतीला पोचेपर्यंत दुपार होते. डोंगरावर दुपारी ढग चढतात, हे सह्याद्रीत काय आणि कॉकेशसमध्ये काय, सारखंच. मी लेकीला म्हटलं, त्याला सांग, आधी सरळ वर चल, सगळे थांबे उतरताना. तिनं फोनमध्ये टाईप करून भाषांतर दाखवलं. त्यानं वाचलं, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "हराशो," म्हणजे ठीक आहे. ड्रायव्हरसकट गाडी घेण्याचा खरा फायदा हाच. थांबे सगळ्यांना तेच मिळतात, त्यांचा क्रम आपल्या हातात येतो.

जाताना फक्त एकदा चहा-लघवीला थांबलो. (सुट्टी नाणी जवळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी टॉयलेटला पैसे पडतात.) म्लेतीपाशी घाट सुरू होतो. वळणावर वळण, चढ अंगावर येणारा, आणि बाजूला नव्या रस्त्याचं काम. क्वेशेती ते कोबी असा नवा मार्ग, त्यात नऊ किलोमीटरचा बोगदा. तो चालू झाला की ट्रेलर खालून जातील आणि हा घाट पर्यटकांना मोकळा होईल. सध्या मात्र ट्रेलर, गाई आणि आपण. गाई इथं रस्त्याच्या मधोमध बसतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. आमच्या ड्रायव्हरनं एकदाही हॉर्न मारला नाही. गाडी हळू केली, गाईच्या शेपटीकडच्या बाजूनं काढली. बरोबर आहे, जनावर उठलं तर पुढं जातं. खेड्यातला माणूस असणार हे मी ओळखलं.

दुसरी गोष्ट मला आधी कळेना. मधेच स्टेअरिंगवरचा उजवा हात सुटायचा आणि कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा असा फिरायचा. तीन वेळा. चर्च दिसलं की क्रॉस. डोंगरावर चर्च पावलोपावली, त्यामुळं हात सारखा चालू. मी बारकाईनं बघत बसलो. सरळ रस्ता असला तर लगेच. वळण असलं तर आधी वळण पूर्ण, गाडी सरळ, मग हात. चर्च मागं गेलं तरी चालेल. या एका गोष्टीवर मी त्याला पूर्ण मार्क दिले. आमच्यातही खंबाटकीत मंदिर दिसलं की हात जोडणारे होते, पण स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडणारा बघितला की अंगावर काटा यायचा.

खिंड जवळजवळ २,४०० मीटरवर. तिथून उतरून स्तेपान्त्समिंदा. काझबेगी म्हणतात ते हेच गाव. अलेक्झांडर काझबेगी या त्यांच्या लेखकावरून सोव्हिएत काळात नाव बदललं होतं, आता जुनं परत आलंय, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडी काझबेगीच. गावाच्या चौकात मित्सुबिशी डेलिका गाड्यांची रांग. २०१८ साली गेर्गेतीचा रस्ता डांबरी होईपर्यंत वर जायला याच लागायच्या, दगडधोंड्यांतून धडधडत. आता कुठलीही गाडी जाते, तरी डेलिकावाले हाका मारत असतात. नको म्हणा, तुमची गाडी वर जाईल.

वरचं चर्च चौदाव्या शतकातलं, २,१७० मीटरवर. गाडीतळापासून थोडा चढ चालावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा होत होते, तळावर मोजक्या गाड्या, आणि समोर काझबेक. पाच हजार मीटरच्या वरचा, नवं बर्फ पडलेला, एकही ढग नाही. बायको बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पंढरपूरला असं मोकळं दर्शन कधी झालं नाही." आत जायला बायकांना डोक्यावर ओढणी आणि खाली घेर पाहिजे. लेकीच्या जीन्सवर दारातलं फडकं गुंडाळावं लागलं, बायको साडीत असल्यानं पदर घेऊन सरळ आत. आत अंधार, मेणबत्त्या, फोटो बंद. जुन्या काळी परचक्र आलं की म्त्सखेताच्या मोठ्या चर्चमधला खजिना, अगदी जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रॉससुद्धा, इथं वर आणून लपवायचे. ती जागा बघितली की पटतं. सोव्हिएत सरकारनं १९८८ साली इथवर रोपवे बांधला होता, गावकऱ्यांना तो देवाच्या डोंगरावर नको होता, त्यांनी पुढं तो काढून टाकला. आम्ही खाली उतरत होतो तेव्हा बारा वाजले होते, पहिली मोठी टूर वर येत होती आणि काझबेकच्या खांद्यावर ढग बसायला लागला होता.

दरियाली आम्ही केली, तुम्ही सोडा. खिंड भव्य आहे, नाही म्हणत नाही, पण सरहद्दीकडं जाणारे ट्रेलर किलोमीटर-किलोमीटर रांगेत उभे. ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करतायत, कुणी दोरीवर बनियन वाळत घातलंय. मला तेच बघायला आवडलं. बाकीच्यांचा अर्धा-पाऊण तास गेला.

जेवण गावातच, एका घरगुती हॉटेलात. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण शाकाहारी माणसं जॉर्जियाला घाबरतात. आमची ही माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. तिची इथं चंगळ झाली. लोबियानी म्हणजे राजम्याचं सारण भरलेली जाड पोळी, पुरणपोळी तिखटात केली असती तर अशीच लागली असती. लोबिओ, तोच राजमा मातीच्या मडक्यात घोटलेला, त्याच्याबरोबर मक्याची म्चादी. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण गुंडाळलेलं, वर डाळिंबाचे दाणे. आणि मश्रूमची खिंकाली. खिंकाली हे यांचं भूषण, मांसाची असते तशी मश्रूमची, बटाट्याची, चीजचीही मिळते. मोदकासारख्या कळ्या, वरती शेंडी. शेंडीला धरून उलटी करायची, बारीक चावा घ्यायचा. मांसाची असेल तर आतला रस्सा आधी ओढून घ्यायचा, नाहीतर शर्टावर. शेंडी खायची नसते, ताटात ठेवायची, किती खाल्ल्या त्याचा हिशोब तोच. जावयाच्या ताटातल्या शेंड्या मी मोजल्या नाहीत, सासऱ्यानं मोजू नयेत. खाचापुरी, म्हणजे चीजची रोटी, मागवताना मात्र होडीच्या आकाराची मागवू नका, तिच्यावर अंडं फोडलेलं असतं. खिंकाली हातानं वळतात, चाळीस मिनिटं थांबावं लागलं. घाईचा दिवस असेल तर डोंगर चढायच्या आधी फोनवर ऑर्डर देऊन ठेवा. बोर्जोमीचं बाटलीतलं पाणी एकदाच प्यालो, खारट सोड्यासारखं, पोटाला म्हणे चांगलं.

ड्रायव्हरही आमच्या टेबलाला जेवला. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, बस. जेवल्यावर तो लगेच किल्ली घेऊन उभा. मी त्याला खूण केली, झोप. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम. जेवण झाल्यावरचा पहिला तास कसा जातो, पापणी कशी जड होते आणि आपल्याला वाटतं आपण जागे आहोत, हे दोन ड्रायव्हरांनी एकमेकांना शब्दांनी सांगायची गरज नसते. आम्ही अर्धा तास गावात फिरतो असं लेकीनं लिहून दाखवलं. परत आलो तर सीट मागं टाकून घोरत होता. पॅकेजमध्ये बारा तासांचा दिवस एका माणसाकडून काढून घेतात, त्यात त्याची झोप कुठंच धरलेली नाही. तुम्हीच धरा.

उतरताना घाटमाथ्यावरच्या खिंडीत धुकं भेटलं. तिच्याजवळच रस्त्याकडेला खनिज झऱ्यांनी केलेला नारिंगी खडक आहे, ओला आणि निसरडा. दोन मिनिटं पुरे. मग दोस्तीचं स्मारक. १७८३ साली राजा एरेकले आणि रशियाची कॅथरीन यांच्यात तह झाला, त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून १९८३ साली दरीच्या काठावर गोलाकार भिंत बांधून आतून रंगीत चित्रं जडवली. तहानंतर अठरा वर्षांत रशियानं जॉर्जिया गिळला, ते चित्रात नाही. आमचा ड्रायव्हर त्याला स्मारक म्हणतच नाही, 'पॅनोरमा' म्हणतो. धुक्यात दरी दिसली नाही, चित्रं दिसली. ती जवळून बघण्यासारखी आहेत.

गुदाउरीच्या खाली मला गाडीचा खरा अंदाज आला. आमच्याकडं गुरुजी शिकवायचे, घाट ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. ही गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळं मी कान देऊन बसलो. त्यानं लिव्हर मॅन्युअलला टाकलं, इंजिनाचा आवाज चढला, गाडी आपोआप आवरली गेली. ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी, तोही वळण सुरू व्हायच्या आत सोडलेला. पुढच्या एका टूरच्या व्हॅनचे ब्रेक लाईट म्लेतीपर्यंत विझलेच नाहीत. खाली पोचल्यावर तिच्या चाकांपाशी तो जळका वास येत होता. मी आमच्याकडं बोट दाखवून अंगठा वर केला. त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा अभिमान दिसला.

एक गुण मात्र इथंच गेला. घाट संपल्यावर त्याला फोन आला आणि एक हात कानाला. मी नुसता हात पुढं केला. त्यानं फोन माझ्या हातात ठेवला, तो तिबिलिसीपर्यंत माझ्याच खिशात. दुसरा गुण मधाच्या दुकानाचा. 'फाइव्ह मिनिट' म्हणत वळवली, आत वाईनचे पेले भरून तयार, विकणारी बाई पाठ सोडेना. कमिशन असतं, जगभर असतं, मला त्याचा राग नाही. पण संध्याकाळची वीस मिनिटं माझ्या किल्ल्यातली गेली. चुर्चखेला घ्यायचा असेल, म्हणजे अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवलेल्या, तर रस्त्याकडेच्या टपरीवर घ्या. बोटानं दाबून बघा, लवला तर ताजा.

पासानाउरीला पांढरी आणि काळी अशा दोन अराग्वी नद्या मिळतात. फोटोत दाखवतात तेवढा फरक आम्हाला दिसला नाही.

अनानुरीला पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि बस निघून गेल्या होत्या. अराग्वीच्या सरदारांचा हा किल्ला. १७३९ साली शेजारच्या क्सानीच्या सरदारानं चालून येऊन इथलं घराणं कापून काढलं. चर्च १६८९ चं. त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर पुरुषभर उंचीहून मोठा क्रॉस कोरलाय आणि त्याच्या बुंध्यापासून द्राक्षाचे वेल चढलेत. त्या वेळच्या उन्हात एकेक पान सुटं दिसत होतं. सकाळी जाताना बघितला असता तर भिंत सपाट दिसली असती. मागं झिनवालीचं पाणी, धरण १९८६ चं, तिबिलिसीला पाणी इथूनच जातं. वेगळा थांबा घ्यायची गरज नाही, किल्ल्याच्या तटावरूनच पाणी भरपूर दिसतं.

म्त्सखेता राहिलं. राहू द्यावं. तिबिलिसीपासून अर्ध्या तासावर आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत होतं. सहाव्या शतकातला मठ दिवसाच्या शेवटी अंधारात पाच मिनिटं बघण्यात अर्थ नाही.

साडेसातला दारात सोडलं. २४० च्या वर तीस लारी दिले, त्यानं दहा परत करायला काढले, बायकोनं त्याची मूठ मिटवली. जावयानं त्याचा नंबर घेतला आणि काखेतीला जायला दोन दिवसांनी फोन केला. म्हणाला, त्या दिवशी घरात लग्न आहे, चुलतभावाला पाठवतो, चांगला चालवतो. मी जावयाला गाडीचा फोटो मागवायला सांगितलं. स्टेअरिंग उजव्या हाताला. आम्ही दुसरी गाडी बघितली.